मुजुमदार हो म्हणाले

चारुदत्त मुजुमदार मूळचे कोल्हापूरचे. एका सरकारी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. बदली होऊन कोलकात्याला आले आणि डमडमच्या एका सोसायटीत बायको शैला आणि मुलगी आभा यांच्यासह राहू लागले. आभाला सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती, त्यामुळे घर भरलेलं होतं. सगळं ठीक होतं. कटकट होती ती फक्त आडनावाची.

बंगालमध्ये मजुमदार पैशाला पासरी. दारावर पाटी लागली आणि वॉचमनपासून मासेवाल्यापर्यंत सगळे त्यांच्याशी बंगालीत बोलायला लागले. चारुदत्त प्रत्येकाला थांबवून सांगत की आपण मराठी मुजुमदार, आपल्यात 'म'ला उकार आहे, आणि तो उकार कुठून आला. समोरचा माणूस मासे तोलायचा थांबे. मागे रांग लागे. शैला पिशवी घेऊन दुसऱ्या मासेवाल्याकडे जाई.

वाद घालणं हा त्यांचा व्यायामच होता. चहा गरम आहे म्हटलं तर ते म्हणत, गरम नाही, कढत आहे. शैलाला लग्नानंतर लवकरच उमगलं होतं की या माणसाकडून काही करून घ्यायचं असेल तर उलट बोलावं. 'आज बाहेर नको जायला' असं ती म्हणाली की हे चपला घालून तयार. तरी काही गोष्टी अशाही होत्या ज्यांना ते उलटसुलट कसंही विचारलं तरी नाहीच म्हणत. आभाला जिन्यातली मांजर घरात आणायची होती. शैलाला गाडी चालवायला शिकायची होती. मांजरीचे केस गळतात आणि कोलकात्यातल्या रहदारीत बायकोही गळते, एवढं बोलून त्यांनी दोन्ही प्रकरणं निकालात काढली होती.

समोरच्या दारात शुभ्रांशु लाहिरी राहत. हावड्याच्या एका पंपाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे आणि गप्पांचे भुकेले. वाद घालायला त्यांनाही आवडे. दर रविवारी ते पेपर घेऊन मुजुमदारांकडे येत आणि दोघे हिंदीतून, हिंदी अपुरी पडली की आपापल्या भाषेतून, जेवणापर्यंत भांडत. शैलाला ते बौदी म्हणत, म्हणजे वहिनी.

जानेवारीत सोसायटीची सहल निघाली, गंगेकाठच्या एका बागेत. जेवणाआधी रस्सीखेच ठरली, बंगाली विरुद्ध बाकीचे. आयोजकांनी मुजुमदारांना बंगाल्यांच्या बाजूला उभं केलं. मग उकाराची सगळी हकीकत झाली. दोर धरून उभे असलेले लोक ती ऐकता ऐकता खाली बसले. शेवटी चारुदत्तांची बाजू बदलली आणि त्या आनंदात त्यांनी सगळ्यात मागे जाऊन दोराचं टोक कमरेला गुंडाळून घेतलं. पलीकडे लाहिरी होते. शिट्टी वाजली, चारुदत्त मागे रेलले, आणि त्यांची पाठ जी धरली ती सुटेचना. गवतावर उताणे पडून ते सगळ्यांना समजावत राहिले की नियमाप्रमाणे पाहिलं तर आपलीच बाजू जिंकली आहे.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्नायू आखडले आहेत. टिझानिडीन नावाची स्नायू सैल करणारी गोळी दिली, लहानच डोस. थोडी गुंगी येईल, उठताना सावकाश उठा, रक्तदाबाची तुमची नेहमीची गोळी चालू आहे तेव्हा जरा जपून, आणि दुसरं कुठलंही औषध घ्यायच्या आधी मला विचारा, असं बजावलं. चारुदत्तांनी आपल्याला दिवसा झोप येत नसते या विषयावर त्यांचं बौद्धिक घेतलं. डॉक्टरांनी हसून सकाळी थोडं चालायलाही सांगितलं. ती जबाबदारी लाहिरींनी घेतली, कारण दोराच्या पलीकडे आपण होतो याचं त्यांना वाईट वाटत होतं.

गोळ्यांनी पाठ हळूहळू सुटली. दोघे रोज सकाळी फिरायला जाऊ लागले. चारुदत्त घरी येताना प्रसन्न असत आणि न्याहारीला फारशी भूक नाही म्हणत. शैलाने त्या दिवसांत तेल-तिखट बंद करून मुगाची खिचडी चालू ठेवली होती, त्यामुळे तिला त्यात नवल वाटलं नाही.

मग एका सकाळी शैला चहात साखर घालायला विसरली आणि चारुदत्तांनी तो चहा निमूटपणे पिऊन टाकला. तिने विचारलं तर म्हणाले, छान होता.

आभाचं लक्ष लगेच गेलं. ती वडिलांशेजारी जाऊन बसली आणि जिन्यातल्या मांजरीचा विषय काढला. वडील खुर्चीत मान टेकून डोळे अर्धवट मिटून ऐकत होते. "आण की," ते म्हणाले. दुपारपर्यंत मांजर घरात होती.

शैलाने आधी सबुरी ठेवली. पण दुसऱ्या दिवशीही तेच. टीव्हीवर बातम्या लागल्या आणि चारुदत्त एका शब्दाने निवेदकाला उत्तर देईनात. दूधवाला उशिरा आला, त्याला कोणी काही बोललं नाही. तेव्हा तिने जेवण वाढता वाढता, सहज बोलावं तसं, गाडीचं विचारलं. "शीक ना," चारुदत्त म्हणाले आणि भातात ताक घालायला लागले. त्यांचा हात जरा संथ चालत होता. शैला संध्याकाळीच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली.

तिने कोल्हापूरला आपल्या बहिणीला, विनीताला, फोन करून सांगितलं की इथलं पाणी यांना एकदाचं मानवलं. माणूस अगदी लोणी झालाय. विनीताने सल्ला दिला की जे जे राहिलंय ते सगळं आत्ताच मंजूर करून घे, पुन्हा अशी वेळ यायची नाही. दोघी बहिणी पोट धरून हसल्या.

तसं पाहिलं तर दिसत सगळं होतं. चारुदत्तांच्या तोंडाला सारखी कोरड पडत होती आणि जीभ टाळूला चिकटल्यासारखी वाजत होती. दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबत होती, आणि त्या झोपेतून हाक मारून उठवलं तरी ते पूर्ण जागे होत नव्हते. बोलताना शब्दाचं शेपूट ओढल्यासारखं लांबायचं. एकदा बाथरूममधून येताना ते भिंतीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. पण पाठ दुखणारा माणूस भिंत धरतोच. थंडीत झोप येतेच. आणि घरात इतकी शांतता होती की तिच्या मुळाशी जायची कोणाला इच्छा नव्हती.

रविवारी लाहिरी पेपर घेऊन आले. शैला आत चहा टाकत होती. लाहिरींनी राजकारणावर एक चिथावणीखोर विधान केलं, उत्तर आलं नाही. क्रिकेटवर केलं, उत्तर आलं नाही. मग त्यांनी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. काहीही म्हणा मुजुमदारबाबू, ते म्हणाले, तुमचा उकार वगैरे ठीक आहे, पण खरं पाहिलं तर तुम्ही मूळचे बंगालीच.

"असेन," चारुदत्त म्हणाले.

लाहिरी मोठ्याने हसले. मग हसता हसता थांबले आणि त्यांनी पेपर खाली ठेवला. आत शैलाच्या हातात गाळणी तशीच राहिली. गेल्या तीन दिवसांत ती ज्याला नशीब समजत होती, ते नशीब नव्हतं हे तिला त्या एका शब्दाने कळलं. ती बाहेर आली आणि नवऱ्यासमोर बसली. त्यांचा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते. आधी खात्री करून घ्यावी म्हणून तिने शांतपणे म्हटलं, "अहो, विनीता म्हणत होती, मिसळ खावी तर पुण्याची. कोल्हापूरच्या मिसळीत काही दम नाही."

चारुदत्तांनी पापण्या उचलल्या. त्यालाही त्यांना वेळ लागला.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले.

आभा हे ऐकून आपल्या खोलीतून धावत आली. शैलाने नवऱ्याचा हात हातात घेतला, तो गार होता. मनगट चाचपलं तर नाडी सापडायला वेळ लागला, आणि सापडली तेव्हा एक ठोका झाल्यावर दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. तिने त्यांना उठून आत येऊन पडा म्हणून सांगितलं. ते आज्ञाधारकपणे उभे राहिले, समोरच्या भिंतीकडे बघत काहीतरी अंधारल्यासारखं झालं म्हणाले, आणि गुडघ्यातून खाली गेले. लाहिरी आणि आभाने त्यांना वरच्यावर धरलं म्हणून डोकं आपटलं नाही.

त्यांना जमिनीवर आडवं करून शैलाने पायाखाली उशा दिल्या. श्वास चालू होता, सावकाश पण एकसारखा. लाहिरी धावत जाऊन आपलं रक्तदाबाचं यंत्र घेऊन आले. वरचा आकडा ऐंशीच्याही खाली दिसला आणि नाडी पंचेचाळिशीच्या आसपास. यंत्रच बिघडलंय असं म्हणत लाहिरींनी ते स्वतःच्या दंडाला लावलं. त्यांचा स्वतःचा आकडा भीतीने भलताच वर गेला होता. यंत्र ठीक होतं.

जवळच एक नर्सिंग होम होतं. अॅम्ब्युलन्सची वाट न बघता वॉचमनच्या मदतीने त्यांनी चारुदत्तांना लाहिरींच्या गाडीत मागे आडवं घातलं, डोकं शैलाच्या मांडीवर. आभाने ड्रॉवरमधल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरून घेतल्या. वाटेत शैला सारखी त्यांना काही ना काही विचारत होती, म्हणजे ते जागे राहतील. ते प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होते, आणि प्रत्येक हो ऐकून ती लाहिरींना गाडी आणखी जोरात घ्यायला सांगत होती.

तातडीच्या विभागात डॉक्टर मीनाक्षी सान्याल होत्या, चाळिशीच्या, शांत आवाजाच्या. त्यांनी लगेच सलाईन लावलं, छातीला तारा जोडल्या, डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं, पायाच्या बोटाला चिमटा काढून पाहिला. गोळ्यांच्या पट्ट्या चाळताना टिझानिडीनवर त्यांचं बोट थांबलं. झोप, कोरडं तोंड, मंद नाडी, उभं राहिलं की पडणारा रक्तदाब, हे सगळं या गोळीशी जुळत होतं. पण पट्टीतल्या जेवढ्या संपायला हव्या होत्या तेवढ्याच गोळ्या संपल्या होत्या, आणि एवढ्याशा डोसने एवढं व्हायला नको होतं. दारू घेतात का, झोपेची गोळी घेतात का, त्यांनी विचारलं. शैलाने दोन्हीला ठामपणे नाही म्हटलं. आणखी काहीही घेत नाहीत, जे घेतात ते मीच देते, असं तिने छातीठोक सांगितलं.

डॉक्टरांनी मग रुग्णालाच विचारायचं ठरवलं. केसपेपरवरचं आडनाव बघून त्या वाकून बंगालीत बोलल्या. चारुदत्तांनी हरकत घेतली नाही. शिवाय त्या अवस्थेत त्यांना थाप मारणंही जमण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, गेल्या काही दिवसांत वेगळं काय घेतलंत?

"कोचुरी," चारुदत्त म्हणाले.

शैलाने लाहिरींकडे पाहिलं. लाहिरी भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचत होते.

डॉक्टरांनी पुढे विचारलं, कोचुरीनंतर काय? चारुदत्त म्हणाले, डाळ. डाळीनंतर? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, जिलबी. मग पोट. मग गोळी. एवढं सांगून ते पुन्हा पेंगले.

लाहिरी पोस्टरकडून वळले. हा साठी ओलांडलेला माणूस वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा दिसत होता.

"बौदी, गोळी मी दिली," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. सकाळचं फिरणं म्हणजे स्टेशनामागच्या मिठाईच्या दुकानापर्यंत जाणं. तिथे गरम कोचुरी मिळते, आपल्या कचोरीची बंगाली बहीण, पुरीसारखी फुगलेली, सोबत हरभऱ्याची डाळ. खिचडीला कंटाळलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, असं लाहिरींना वाटलं. मग चारुदत्तांचं पोट बिघडलं. ते घरी कळलं तर कोचुरीही कळणार, म्हणून चारुदत्त नळ मोठा सोडून बाथरूममध्ये बसत आणि लाहिरींनी आपल्या कपाटातून त्यांना सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या आणून दिल्या. आमच्या घरात पोट बिघडलं की मुरमुऱ्यासारखी ही गोळी देतात, ते म्हणाले, कधी कोणाला काही झालं नाही.

डॉक्टर सान्याल त्यांना रागावल्या नाहीत. त्यांना हवं ते सापडलं होतं. त्यांनी समजावून सांगितलं की या दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नसतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन असताना शरीर टिझानिडीनचा निचरा करू शकत नाही, ती रक्तात साचत जाते. घेतली एक, तरी शरीराला दहा घेतल्यासारखी लागते. त्यात यांची रक्तदाबाची गोळी चालू, पोट बिघडून अंगातलं पाणी गेलेलं. माणूस आधी सुस्त होतो, गोड वागायला लागतो, जीभ जड होते, तोंड कोरडं पडतं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. घरच्यांना वाटतं, आराम पडतोय. आणखी उशीर झाला असता तर श्वासही मंदावला असता. तुम्ही कशावरून ओळखलंत, त्यांनी शैलाला विचारलं.

शैलाने थोडं अडखळत मिसळीचं सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं नाही, पण नर्सकडे बघून त्या पहिल्यांदाच हसल्या.

गोळ्या बंद केल्या, सलाईन चालू ठेवलं, आता औषध अंगातून उतरायची वाट बघायची होती. आभा फोनवर नातेवाइकांना कळवायला गेली. शैला बाहेरच्या बाकावर बसली. तीन दिवसांची ती शांतता, ते लोण्यासारखं वागणं, ज्याबद्दल आपण बहिणीला कौतुकाने सांगितलं, ते म्हणजे एका माणसाचा रक्तदाब उतरत जाणं होतं. तो खाली जात होता आणि आपण मंजुऱ्या घेत होतो. तिला रडू आलं आणि थोड्या वेळाने, लोण्याची आठवण होऊन, हसूही आलं. बाजूला बसलेल्या लाहिरींना दोन्हींचा अर्थ कळेना, म्हणून ते दोन्ही वेळा सॉरी म्हणाले.

सूर्य कलला तेव्हा नर्सने आत बोलावलं. आकडे वर येत होते. चारुदत्त डोळे उघडून पडले होते आणि स्टँडकडे बघत होते. शैला जवळ गेली. तिने काही विचारायच्या आत ते म्हणाले, "ही बाटली यांनी चुकीच्या बाजूला टांगली आहे. हात इकडे, बाटली तिकडे, याला काही अर्थ आहे?"

शैलाने नर्सला सांगितलं की आता काळजी नाही.

दुसऱ्या दिवसाअखेर त्यांना घरी सोडलं. स्नायूची ती गोळी कायमची बंद झाली, पाठीला शेक आणि व्यायाम आले. चारुदत्तांनी उशीला टेकून बसल्या बसल्या जाहीर केलं की सिप्रोफ्लॉक्सॅसिनची पहिली गोळी पोटात गेल्यापासून सलाईन लागेपर्यंत आपण जे काही बोललो ते रद्द समजावं. शुद्धीवर नसलेल्या माणसाचा होकार जगातल्या कुठल्याही बँकेत चालत नाही. लाहिरींना निवाडा करायला बोलावलं, पण आपण या प्रकरणात आरोपी आहोत असं सांगून त्यांनी अंग काढून घेतलं.

मांजरीचा प्रश्न चुटकीसरशी सुटला. आभाने तिचं नाव मिष्टी ठेवलं होतं. चारुदत्त म्हणाले, मराठी घरात मांजरीला बंगाली नाव कशाला, चांगलं मनी म्हणा. आभा नाही म्हणाली. दोघांचा तासभर कडाक्याचा वाद झाला, चारुदत्त जिंकले, आणि जिंकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नाव ठेवलेली मांजर आता परत जिन्यात सोडता येणार नाही.

गाडीचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. आपण तसं म्हणालोच नाही, ते म्हणाले.

"म्हणालात," शैला म्हणाली. "ताक घालताना म्हणालात. आणि आपण बंगाली आहोत हेही म्हणालात. रद्द करायचं तर दोन्ही रद्द करू. मी सोसायटीच्या सभेत उभी राहून सगळ्यांना नीट समजावून सांगते, काय काय रद्द झालं ते."

चारुदत्तांनी समोर बसलेल्या साक्षीदाराकडे पाहिलं. लाहिरींनी खेदाने मान हलवली. ते वाक्य त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मग चारुदत्त म्हणाले की बायकांनी गाडी शिकणं हा तसा चांगलाच विचार आहे, मूळ कल्पना आपलीच होती, फक्त क्लच दाबताना घाई करू नये.

महिन्याभराने, पोट आणि पाठ दोन्ही ताळ्यावर आल्यावर, एका सकाळी शैलाने लाहिरींचं दार वाजवलं आणि ते दुकान बघायचं आहे म्हणून सांगितलं. तिघं चालत स्टेशनामागे गेली. कढईत कोचुऱ्या फुगत होत्या, बाकांवर जागा नव्हती, तिघं उभीच राहिली. शैलाने पानाच्या द्रोणातला पहिला घास घेतला, डाळीत बुडवून दुसरा घेतला. मग तिने दुकानदाराला आणखी आणायला सांगितलं, स्वतःसाठी आणि लाहिरींसाठी. चारुदत्तांसाठी तिने कोरा चहा आणि दोन बिस्किटं मागवली.

"मला का नाही?" चारुदत्त म्हणाले. "डॉक्टरांनी गोळी बंद केली, कोचुरी नाही. नीट विचार केला तर दोष कोचुरीचा नव्हताच."

शैलाने त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडीचे ठोके मोजावेत तशी, आणि खाता खाता म्हणाली, "बोला, बोला. मी ऐकतेय."